मेतकुटात गहू असतो का? एका पाकिटाच्या लेबलाचं प्रकरण

‘घटक : मिश्र डाळी व धान्ये, मसाले, हिंग, मीठ.’

मेतकुटाच्या १०० ग्रॅमच्या पाकिटामागे एवढंच छापलेलं होतं. पाकीट मुलुंडमधल्या एका घरगुती उद्योगाचं. चार-पाच बायका मिळून मेतकूट, भाजण्या, सुक्या चटण्या करतात आणि पार्ले, दादर, ठाणे इथल्या दुकानांत माल देतात. नाव देत नाही. उद्योग चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात, आपणही तेच म्हणू. पाकिटावर हिरवा ठिपका होता, नोंदणीचा १४ आकडी क्रमांक होता, तारीख, वजन, किंमत, फोन नंबर, सगळं जागच्या जागी होतं.

पार्ले पूर्वेच्या एका दुकानात एका बाईंनी हे पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “काका, यात गहू आहे का हो?”

“मेतकुटात कसला आलाय गहू, ताई? डाळींचंच असतं ते.”

बाईंनी पाकीट घेतलं, पण घरी जाऊन फोडण्याआधी त्यावरच्या नंबरला फोन लावला. काकूंनी सरळ सांगितलं, “असतो ना! मूठभर गव्हाशिवाय मेतकुटाला चव कुठली?” बाईंच्या मुलाला सीलिॲक आहे. पाकीट तसंच शेजारी गेलं आणि काकू मात्र अस्वस्थ झाल्या. लहान उद्योगांना लेबलं लिहून द्यायचं काम मी करते, म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उलटते. त्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे ग्लुटेन जन्मभर पूर्ण बंद. मराठी घरात असं मूल असेल तर पोळी जाते, रव्याचा शिरा-उपमा जातो, बिस्किटं जातात. मग भिस्त उरते ती मऊ भात, तूप आणि मेतकुटावर. म्हणजे ज्या ताटावर आई सगळ्यात निर्धास्त असते, नेमका तिथेच गहू निघाला होता.

दुकानदार खोटं बोलला का?

नाही. त्याच्या घरच्या मेतकुटात गहू नसेलही. काकूंच्या मेतकुटात सगळ्यात जास्त हरभराडाळ, मग तांदूळ, उडीदडाळ, गहू, धणे. त्यानंतर जिरे, मोहरी, मेथ्या, सुंठ, हळद, लाल मिरची, जायफळ आणि हिंग. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीदडाळीला जितका वेळ लागतो तितक्यात मेथ्या कडू होतात. सगळं गार झालं की गिरणीत. पण कुणाकडे यात मूगडाळ असते, कुणाकडे तांदूळ जास्त, कुणाकडे गहू अजिबात नाही. घरोघरी कृती बदलणारा पदार्थ पाकिटात बंद झाला की आत काय आहे हे नावावरून कळत नाही. टोमॅटो सॉसच्या बाटलीबद्दल जेवढा अंदाज बांधता येतो तेवढासुद्धा मेतकुटाबद्दल बांधता येत नाही. त्यामुळे घटकांची यादी इथे औपचारिकता म्हणून चालणार नव्हती.

कायदा ग्राहकाच्याच बाजूने होता

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची लेबलांबद्दलची नियमावली २०२० ची आहे. तिच्यानुसार प्रत्येक घटक त्याच्या नेमक्या नावाने आणि पदार्थ तयार करतेवेळच्या वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावा लागतो. मसाल्यांसारख्या काही गटांना गटाच्या नावाने लिहायची मुभा आहे, ‘मिश्र डाळी व धान्ये’ला नाही. शिवाय आठ गटांतले पदार्थ असतील तर ‘यात अमुक आहे’ असं वेगळं सांगावं लागतं. ते गट म्हणजे ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाचा सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त सल्फाइट. गहू पहिल्याच गटात आहे.

काकूंनी आधीचं लेबल ओळखीच्या प्रेसवाल्याकडून करून घेतलं होतं. त्याने दुसऱ्या कुणाच्या मेतकुटावरून मजकूर उचलला होता. हे मुंबईत सर्रास चालतं. दादरच्या कुठल्याही दुकानात तीन वेगळ्या गृहउद्योगांची थालीपीठ भाजणी हातात घेऊन पाहा, घटकांच्या ओळीत चूक असेल तर तीसुद्धा सारखीच सापडते.

प्रेसवाल्याने आणखी एक सल्ला दिला होता. “१०० चौरस सेंटिमीटरपेक्षा लहान असेल तर घटक लिहायची गरज नाही, आपला स्टिकर ७ बाय १० चा आहे.” अशी सूट खरोखर आहे, पण ती पाकिटाच्या पृष्ठभागावर मोजतात, स्टिकरच्या आकारावर नाही. १०० ग्रॅम मेतकुटाची उभी पिशवी ही मर्यादा सहज ओलांडते.

पहिली दुरुस्ती : कायदेशीर आणि निरुपयोगी

पंधरवड्यात प्रेसवाल्याने दुरुस्त लेबल आणलं. घटक क्रमाने, ‘यात गहू आहे’ ही ओळ इंग्रजीत, सगळं नियमाला धरून. भाषेबद्दल काकूंना नवल वाटलं होतं. सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवा, मराठी जोडीला चालते पण नुसत्या मराठीवर भागत नाही. मग जागा वाचवायला प्रेसवाल्याने मराठी काढूनच टाकली होती.

हे लेबल लावलेली पाकिटं पार्ल्याच्या त्याच दुकानात ठेवली आणि दुकानदाराच्या परवानगीने मी बाजूला उभी राहून लोक काय करतात ते पाहत राहिले. पाकिटं फळीवर एकामागे एक दाटून उभी, म्हणजे दिसतो फक्त दर्शनी भाग. उचललंच कुणी तर मागे पाहतात ते तारखेसाठी. आणि दुकानदाराचा किमतीचा-बारकोडचा स्टिकर बरोब्बर घटकांच्या ओळीवर चिकटवलेला, कारण छापील लेबलात तीच जागा ‘रिकामी’ दिसत होती! मागच्या कोपऱ्यातली बारीक इंग्रजी ओळ, तीही अर्धी झाकलेली. अधिकाऱ्याने तपासलं असतं तर छपाई बिनचूक निघाली असती. मुलासाठी मेतकूट शोधणाऱ्या आईला मात्र काहीच मिळालं नसतं.

माझं मत असं की आपल्याकडची बहुतेक लेबलं अधिकाऱ्याच्या प्रश्नांना उत्तरं देतात. फळीसमोर उभ्या माणसाचे प्रश्न वेगळे असतात. पार्ल्यात ते मी कानांनी ऐकले. गहू आहे का, कांदा-लसूण आहे का, साखर घातलीय का, उपवासाला चालेल का, कधीचं आहे. यातल्या उपवासाबद्दल कायदा गप्प आहे, आणि ते बरंच आहे. एका घरी तीळ चालतात, दुसऱ्या घरी चालत नाहीत. कुठे हळदसुद्धा वर्ज्य. तिथे घटकांची पूर्ण नावं हेच उत्तर, ज्याने त्याने आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे ठरवावं.

हिरवा ठिपका पाहा. वाचावा लागत नाही, हातभर अंतरावरून कळतो, आणि लोक खरोखर विचारतात त्या एका प्रश्नाचं उत्तर देतो. मांसाहारी पदार्थांची खूण आधी तपकिरी गोल होती. २०२० च्या नियमावलीने तिचा त्रिकोण केला, कारण रंगांधळ्या माणसाला दोन्ही गोल सारखेच दिसायचे. लेबल वापरणारा माणूस कोण आहे याचा विचार केला की असे बदल सुचतात.

म्हणून आम्ही ठरवलं, ‘यात गहू आहे’ ही ओळ दर्शनी भागावर, मराठीत आणि इंग्रजीत, नावाच्या लगेच खाली. काकूंच्या सूनबाई म्हणाल्या, “असं पुढेच लिहिलं तर गिऱ्हाइकाला वाटेल काहीतरी धोक्याचं आहे.” शंका रास्त होती. तिला उतारा म्हणून शेजारीच ‘कांदा-लसूण नाही’ हेही लिहिलं. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या मराठी घरांना आणि बाराही महिने न खाणाऱ्या जैन गिऱ्हाइकांना ते हवंच असतं. दोन्ही ओळी एकाच आकाराच्या, एकाच रंगाच्या. एक इशारा आणि एक जाहिरात असं न दिसता दोन्ही माहितीच वाटते.

हिंगाच्या डबीत काय असतं

हे सगळं ठरल्यावर काकूंच्या मनात आलं, दुसरं एक मेतकूट करावं, गव्हाऐवजी तांदूळ वाढवून. “त्या मुलाच्या आईला देता येईल.” कल्पना प्रेमाची होती. मी त्यांना म्हटलं, आधी हिंग दाखवा.

हिंग म्हणजे फेरुला जातीच्या झुडपाच्या मुळातून निघणारा चीक. आपल्याकडे तो प्रामुख्याने अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येतो. भारतात पहिली रोपं लावली गेली ती २०२० च्या ऑक्टोबरात, हिमाचलमधल्या लाहौल खोऱ्यात. शुद्ध चीक इतका उग्र की स्वयंपाकात तसा वापरणं अवघड. म्हणून तो पिठात आणि डिंकात मिसळून विकतात. बाजारात पूड म्हणून मिळतो तो बहुतेक हाच. पाकिटावर ‘कंपाउंडेड’ असा शब्द असतो. काकूंनी फडताळातून हिंगाचं मोठं पाकीट काढलं आणि चष्मा लावून वाचलं. मैदा, डिंक, हिंग, या क्रमाने. मैदा पहिला, म्हणजे वजनात सगळ्यात जास्त.

“अगं बाई! म्हणजे आपण हिंग म्हणून मैदाच घालतोय की!”

तर हिंगात मैदा. आणि तो मेतकुटाच्या लेबलावर न दिसण्याची कायदेशीर वाटही आहे. मिश्र घटक तयार पदार्थाच्या ५ टक्क्यांहून कमी असेल तर, पदार्थात काम करणारी ॲडिटिव्हं (रंग, टिकवणारी द्रव्यं वगैरे) सोडून, त्याच्या पोटातले घटक उलगडून लिहायची सक्ती नाही. हिंग ५ टक्क्यांच्या कितीतरी खाली असतो. ग्लुटेनची वेगळी सूचना तरीही चुकत नाही, पण जो माणूस नुसती घटकांची यादी वाचतो त्याला ‘हिंग’ या शब्दात गहू दिसणार कसा? पोह्यांचा चिवडा, कोकमाची आमटी, डाळीची फोडणी, लोणचं… ज्यात गव्हाचा कणही नाही असं आपण समजतो त्या सगळ्यात तो असू शकतो. सीलिॲकच्या घरात हे माहीत झालेलं असतं, पाहुण्यांच्या घरात नसतं.

आम्ही हिंग उलगडून लिहायचं ठरवलं. तांदळाच्या पिठातला हिंगही मिळतो, तो वापरायचा विचार दुसऱ्या मेतकुटासाठी होता. पण ते मेतकूट अडलं गिरणीवर.

‘ग्लुटेन-फ्री’ का लिहिलं नाही

हे दोन शब्द छापायला मर्यादा आहे, किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम ग्लुटेन. ऐकायला आकडा सैल वाटतो. काकूंसमोर कागदावर हिशेब मांडला. गव्हाच्या पिठात ढोबळमानाने दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, त्यातली बहुतेक ग्लुटेनची. म्हणजे एक ग्रॅम पिठात साधारण ८० मिलिग्रॅम ग्लुटेन. एवढं एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभरच पीठ, चार किलो मेतकुटात पडलं की मर्यादा गाठली.

काकूंचं दळण सोसायटीच्या मागच्या गिरणीत होतं. सकाळपासून गहू, मधे कुणाची ज्वारी, मग आपलं मेतकूट. गिरणीवाला भला माणूस आहे, भाजक्या डाळींचा वास पुढच्याच्या पिठाला लागू नये म्हणून आधी-नंतर मूठमूठ तांदूळ टाकून गिरणी साफ करतो. पण पाळ्यांच्या खाचांत, पीठ पडतं त्या कापडी नळीत, डब्याच्या कडांना किती पीठ धरून बसतं ते त्याच्याकडे उभं राहून पाहिलं की कळतं. नळी झटकली तर ओट्यावर पांढरा थर बसतो. चार किलोला एक ग्रॅमची हमी तिथे कोण देणार? वेगळी गिरणी किंवा घरी मोठा मिक्सर, वेगळी जागा, प्रयोगशाळेतून तपासणी, तेही नियमाने. काकूंना ते तूर्त परवडणारं नव्हतं. ‘घरगुती आहे, मनाने शुद्ध आहे’ म्हणून हे दोन शब्द छापणारे उद्योग मला माहीत आहेत. त्यांच्या मनाबद्दल शंका नाही. मूल मात्र आजारी पडतं.

बाकीच्या गोष्टी, थोडक्यात

कृती चोरीला जाईल ही भीती प्रत्येक गृहउद्योगात असते. काकू म्हणाल्या, “सगळं लिहिलं तर शेजारची उद्या हेच विकायला लागेल.” क्रम कळला म्हणून प्रमाण कळत नाही, आणि प्रमाण कळलं तरी कुठला जिन्नस किती भाजायचा ते कळत नाही. टक्केवारी छापायची वेळ येते ती एखाद्या घटकाचं नाव किंवा चित्र ठळक करून मिरवलं तर. ‘नाचणी बिस्किट’ म्हटलं की नाचणी किती ते सांगावं लागतं, आणि गिऱ्हाइकाने तो आकडा जरूर शोधावा, फार मजेशीर असतो तो.

मसाले एकत्र ‘मसाले’ म्हणून लिहिले असते तरी चाललं असतं. लिहिले नाहीत. एक तर मोहरीसाठी. आपल्या कायद्याच्या आठ गटांत मोहरी नाही, पण युरोपीय संघाच्या १४ ॲलर्जीकारक पदार्थांत ती आहे, तीळही आहेत. अमेरिकेने तिळाला १ जानेवारी २०२३ पासून यादीत घेतलं. दुसरं सुंठेसाठी. ओलं आलं न खाणाऱ्या जैन घरांत सुंठ चालते, तेव्हा ती ‘सुंठ’ म्हणून दिसलेली बरी.

शेंगदाण्याची चटणी भरतात त्याच टेबलावर मेतकूट भरलं जातं, म्हणून ‘शेंगदाण्याचा अंश असू शकतो’ हेही लिहिलं. तिळाची, दुधाची, सोयाची अशीच सूचना सरसकट टाकायचा प्रेसवाल्याचा आग्रह होता, ‘सेफ साइड’ म्हणून. मी नको म्हटलं. ज्याची खरोखर शक्यता नाही तेही लिहीत गेलं की लोक ती ओळच वाचणं सोडतात.

साखर-मीठ-चरबीबद्दलची मोठी लढाई वेगळ्या पातळीवर चालू आहे. चिलीने २०१६ पासून जास्त साखर-मीठ-चरबीच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले. आपल्याकडे २०२२ च्या मसुद्यात त्याऐवजी तारांकन, म्हणजे पाकिटाला पौष्टिकतेप्रमाणे तारे देणं, सुचवलं गेलं, आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनी इशाऱ्यांचा निर्णय करायला तीन महिन्यांची मुदत दिली, ती पुढे वाढलीही. शिक्का हवाच, तारे नकोत, असं माझं मत. एका सरासरी ताऱ्यात मीठही लपतं आणि साखरही. पण मेतकुटातला गहू यातल्या कशातच दिसला नसता.

छापून आलेलं लेबल

पुढे : मेतकूट. यात गहू आहे. कांदा-लसूण नाही.

मागे : हरभराडाळ, तांदूळ, उडीदडाळ, गहू, धणे, मीठ, जिरे, मोहरी, सुंठ, मेथी, हळद, लाल मिरची, हिंग (मैदा, डिंक, हिंग), जायफळ. शेंगदाण्याचा अंश असू शकतो.

हेच इंग्रजीतही, आणि ‘गहू’ व ‘मैदा’ दोन्ही भाषांत ठळक. युरोपात ॲलर्जीचे घटक यादीतच ठळक करतात, ती रीत इथे उचलली. खालच्या कोपऱ्यात चौकट आखून आत लिहिलं, ‘दुकानदारासाठी : किमतीचा स्टिकर इथे लावा’. सगळ्यात जास्त फरक बहुधा या चौकटीने पडला. पार्ल्याच्या दुकानात पोराने पहिल्या दिवसापासून स्टिकर तिथेच लावले.

विक्री वाढली का, असं काकूंना सगळे विचारतात. नाही वाढली. त्या मुलाची आई हे मेतकूट घेत नाही, घरीच बिनगव्हाचं करते, मिक्सरवर. कृती काकूंनीच फोनवर सांगितली. दुकानदार मात्र आता इतरांचे मसाले आणि भाजण्या घेताना “गहू आहे का, हिंग कुठला” विचारतो, आणि दोन पुरवठादार त्यामुळे वैतागलेले आहेत.

एक काम चालूच राहणार आहे. लेबलांचा रोल एकदम छापून घेतला की तो महिनोन् महिने पुरतो, आणि तेवढ्या काळात जिन्नस बदलतात. दिवाळीच्या घाईत नेहमीचा हिंग मिळाला नाही, तांदळाच्या पिठातला आला. लेबलावर मैदा छापलेला होता, गहूही मेतकुटात होताच, त्यामुळे कुणाला अपाय होण्याचा प्रश्न नव्हता. पण चिवड्याच्या लेबलाचं काम आता सुरू आहे. त्यात गव्हाशी संबंध येतो तो फक्त हिंगातून, आणि तिथे अदलाबदल उलटी झाली तर लेबल खोटं ठरेल. म्हणून काकूंनी नियम घातलाय. हिंगाचं नवं पाकीट आलं की आधी त्याच्या मागच्या बाजूचा फोटो बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, लेबलाशी ताडून पाहायचं, मगच ते फोडायचं. चिवड्याचा रोल छापायला टाकलेला नाही, कारण हिंग कुठला घ्यायचा हे अजून ठरायचंय.